डिझेलची पिचकारी : तिचा इतिहास व तिची निगा

नाशिक म्हटलें कीं रामकुंड, पंचवटी, गोदावरीचे घाट आणि बारा वर्षांनीं येणारा सिंहस्थ हें सारें डोळ्यांपुढें उभें राहतें. कोणाला तांब्या-पितळेचीं भांडीं आठवतात, कोणाला द्राक्षांचे मळे. ह्याच नाशकांत, त्र्यंबकेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एक चौक आहे. त्याला लोक ‘मायको सर्कल’ म्हणतात. ज्या कंपनीवरून हें नांव पडलें, तिनें २००८ सालीं आपलें नांव बदलून ‘बॉश लिमिटेड’ असें केलें. चौकाचें नांव मात्र लोकांच्या तोंडीं तसेंच राहिलें. रिक्षावाले, भाजीवाले, शाळेंत जाणारीं मुलें, सारींच तें नांव घेतात. परंतु ह्या कंपनीच्या सातपूर येथील कारखान्यांत काय होत आलें, असें विचारल्यास पुष्कळांना नेमकें उत्तर देतां येणार नाहीं. तेथें मुख्यत्वेंकरून एक पिचकारी तयार होत आली आहे. तिचें तोंड बोटाच्या पेराएवढें असतें, आणि त्या तोंडांत एक सुई असते. देशांतील असंख्य ट्रक, ट्रॅक्टर आणि जीपगाड्या ह्या सुईच्या हालचालीवर चालत आल्या आहेत.

ह्या पिचकारीला कारखान्यांत ‘इंजेक्टर’ आणि तिच्या तोंडाला ‘नोझल’ म्हणतात. गॅरेजांत सरसकट ‘नोझल’ हाच शब्द चालतो. पेट्रोलच्या इंजिनांत हवा व इंधन ह्यांचें मिश्रण विजेच्या ठिणगीनें पेटवितात. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नसते. तेथें नुसती हवा इतकी दाबतात कीं ती दाबल्यानेंच तापते, आणि त्या तापलेल्या हवेंत ऐन क्षणीं इंधन फवारलें कीं तें आपोआप पेट घेतें. सायकलच्या पंपानें चाकांत हवा भरतांना पंपाचें टोक हाताला गरम लागतें. त्याच तत्त्वाचा हा मोठा अवतार होय. तत्त्व सोपें आहे. अडचण आहे ती फवारण्याची. दाबलेल्या हवेच्या विरुद्ध इंधन आंत लोटावयाचें, तेंहि नेमक्या क्षणीं, नेमक्या मापानें, आणि धार न लागतां धुक्यासारखें. लग्नसमारंभांत गुलाबदाणीनें गुलाबपाणी शिंपडतात, तेव्हां चार थेंब इकडे तिकडे पडले तरी कोणाचें बिघडत नाहीं. येथें मात्र एक थेंब चुकीच्या वेळीं ओघळला तर इंजिन ठोके देऊं लागतें.

ही अडचण प्रथम ज्यांच्या वाट्याला आली ते रुडॉल्फ डिझेल. त्यांचा जन्म १८५८ सालीं पॅरिस येथें झाला. १८९२ सालीं त्यांनीं आपल्या इंजिनाच्या पेटंटसाठीं अर्ज केला, आणि १८९३ च्या ऑगस्ट महिन्यांत जर्मनींतील ऑग्सबुर्ग येथील कारखान्यांत पहिली चांचणी घेतली. इंधन आंत जातांच असा स्फोट झाला कीं दाब मोजण्याचें उपकरणच फुटून गेलें. इंजिन स्वतःच्या बळावर फिरलें नाहीं, परंतु दाबलेल्या हवेनें इंधन पेटतें ही गोष्ट सिद्ध झाली. त्यानंतर साडेतीन वर्षें खटपट चालली. १८९७ च्या फेब्रुवारींत प्राध्यापक श्रोटर ह्यांनीं त्या इंजिनाची रीतसर परीक्षा केली, तेव्हां इंधनांतील उष्णतेपैकीं शेंकडा २६ हून थोडी अधिक उष्णता कामीं लागत असल्याचें आढळलें. त्या काळच्या सामान्य वाफेच्या यंत्रांना ह्याच्या निम्मेंहि साधत नसे.

हें यश मिळालें, परंतु त्यासाठीं एक ओझें उचलावें लागलें. नुसत्या पंपानें इंधनाचें धुकें करण्याइतका बारीक पंप त्या काळीं कोणालाच बनवितां येत नव्हता. म्हणून रुडॉल्फ डिझेल ह्यांनीं इंधन आंत फुंकण्यासाठीं अतिशय दाबलेली हवा वापरली, आणि ती दाबण्यासाठीं इंजिनाला एक स्वतंत्र वायुदाबक यंत्र जोडलें. हें यंत्र जड, महाग आणि बिघाडाचें आगर होतें. शिवाय इंजिनाच्या शक्तीचा कांहीं भाग तेंच खाऊन टाकी. परिणामीं डिझेल इंजिन कारखान्यांत बसलें, जहाजांत बसलें, पण रस्त्यावरच्या गाडींत बसेना. १९१३ च्या सप्टेंबरांत इंग्लंडला जातांना ते रात्रीं बोटीवरून नाहींसे झाले. त्यांच्या नांवाचें इंजिन रस्त्यावर धांवतांना पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

अडून राहिलेली गोष्ट म्हणजे तीच लहानशी पिचकारी. तिच्यावर अनेकांनीं बुद्धि खर्च केली. इंग्लंडांत व्हिकर्स कंपनीच्या मॅककेक्नी ह्यांनीं १९१० च्या सुमारास हवेवांचून केवळ पंपाच्या दाबानें इंधन फवारण्याची पद्धति पुढें आणली. जर्मनींत बेंझ कंपनींतील प्रॉस्पर लोरांज ह्यांनीं १९०९ सालीं मुख्य दंडगोलाशेजारीं एक लहान कोठडी ठेवून तिच्यांत इंधन पेटविण्याची युक्ति काढली. पुढें सुईचें नोझल घडविण्यांतहि त्यांचा मोठा वांटा होता. १९२३-२४ च्या सुमारास डिझेलवर चालणारे पहिले ट्रक जर्मनींत दिसूं लागले. परंतु दहा ट्रक चालविणें वेगळें आणि दहा हजार ट्रकांना पुरतील इतके हुबेहूब सारखे पंप व नोझल घडविणें वेगळें.

तें काम स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश ह्यांनीं अंगावर घेतलें. १८८६ सालीं लहानशा कर्मशाळेपासून सुरुवात करून त्यांनीं पेट्रोल-इंजिनाला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोवर नांव व पैसा मिळविला होता. डिझेल इंजिनाला तर ठिणगी लागतच नाहीं; तेव्हां उद्यां गाड्या डिझेलवर चालूं लागल्या तर आपला मूळ धंदा बसेल, हें त्यांनीं ओळखलें. १९२२ च्या अखेरीस त्यांनीं डिझेलच्या पंपाचें काम हातीं घेण्याचा निर्णय केला, आणि १९२७ च्या नोव्हेंबरांत ते पंप मोठ्या प्रमाणावर तयार होऊन बाहेर पडूं लागले. पंपाचा दट्ट्या व त्याची नळी, तसेंच नोझलची सुई व तिचें घर, हे जोड एकमेकांवर घासून इतके तंतोतंत बसवावे लागतात कीं दोहोंमधील फट मिलिमीटरच्या दोन ते चार सहस्रांशांहून अधिक असूं नये. माणसाच्या डोक्यावरच्या केसाचे वीस उभे पदर काढतां आले असते, तर त्यांतील एका पदराएवढी ही फट असते. ह्या फटींत रबराची किंवा चामड्याची चकती नसते. धातूवर धातु, आणि मध्यें डिझेलचा पातळ थर. तोच थर वंगणाचें काम करतो. पुढील निगेचे सारे नियम ह्या एका गोष्टींतून निघतात.

हिंदुस्थानांत बॉशचा माल १९२२ पासून कलकत्त्याच्या एका पेढीमार्फत विकला जात होता. स्वातंत्र्यानंतर, १९५१ सालीं, बंगलोर येथें ‘मोटर इंडस्ट्रीज कंपनी’ स्थापन झाली. तिच्याच इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘मायको’ हें नांव रूढ झालें. देशांत ट्रक व ट्रॅक्टर वाढले तशी पंपांची व नोझलांची गरज वाढली. इकडे महाराष्ट्रांत १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन होऊन मुंबई-पुण्याबाहेर कारखाने नेण्याचें धोरण सुरू झालें होतें, आणि नाशिकजवळ सातपूर येथें औद्योगिक वसाहत उभी राहत होती. १९६४ सालीं जवळच्या ओझर येथें मिग विमानांचा कारखाना आला. १९७० च्या सुमारास मायकोनें सातपूरला आपला दुसरा कारखाना उभारला, आणि नोझल व इंजेक्टर हें त्याचें मुख्य काम ठरलें. यात्रेकरू आणि भांडीं ह्यांच्यासाठीं ओळखलें जाणारें हें शहर अशा रीतीनें सहस्रांश मिलिमीटर मोजणाऱ्यांचें शहर झालें. त्याच्या आसपास मापाचीं उपकरणें ठेवणाऱ्या, जिग व साचे बनविणाऱ्या लहान कर्मशाळा निघाल्या. आणि ‘येथें पंप व नोझल दुरुस्त करून मिळतील’ अशा पाट्या मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेनें दिसूं लागल्या.

आतां जीपकडे वळलें पाहिजे, कारण सामान्य घराचा ह्या सुईशीं प्रत्यक्ष संबंध आला तो तिच्यामुळें. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें चारी चाकांना जोर देणारी विलीज जीप हजारोंनीं बनविली. युद्ध संपल्यावर महिंद्र बंधूंच्या कंपनीनें, जी १९४५ सालीं स्थापन झाली होती, ह्या जीपचे सुटे भाग मागवून मुंबईस त्या जोडण्यास आरंभ केला. पुढें हळूहळू त्या येथेंच घडूं लागल्या. ती जीप पेट्रोलची होती. १९७३ सालीं जगांत खनिज तेलाचे भाव भडकले, आणि पेट्रोल पिणारी जीप शेतकऱ्याला व सरकारी खात्यांना परवडेनाशी झाली. तेव्हां जीपला डिझेल इंजिन देण्याची निकड लागली. १९७९ सालीं महिंद्र कंपनीनें फ्रान्सच्या पेझो कंपनीशीं करार करून तिचें एक्सडीपी ४.९० नांवाचें इंजिन येथें बनविण्याचा परवाना मिळविला. चार दंडगोल, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, एकूण माप २११२ घन सेंटिमीटर. हें इंजिन घालून १९८५ सालीं एमएम ५४० ही जीप निघाली. कंपनीचा इंजिनांचा कारखाना इगतपुरीस आणि गाड्यांचा एक मोठा कारखाना नाशिक येथें. म्हणजे गाडी, इंजिन आणि नोझल ह्या तिन्हींचीं जन्मस्थानें एकाच जिल्ह्यांत आलीं.

ह्या जीपगाड्यांनीं त्र्यंबक, पेठ आणि सुरगाणा ह्या डोंगरी भागांत किती कामें केलीं, तें त्या भागांतील जुन्या माणसांना विचारावें. जेथें एस. टी. दिवसांतून एकदां जाई तेथें जीप चार वेळां जाई. बाळंतपणाची बाई, पोलिओ-लस, शाळेच्या परीक्षेचे पेपर, द्राक्षांच्या पेट्या, लग्नाचें वऱ्हाड, सारें तींतून गेलें. आजहि त्यांपैकीं कांहीं गाड्या चालत आहेत. कांहीं शेतकऱ्यांच्या अंगणांत आहेत, कांहीं हौशी लोकांनीं रंगवून नव्यासारख्या केल्या आहेत. ह्या जुन्या गाड्यांचा सांगाडा दणकट, गिअर दणकट. त्यांची सर्वांत नाजूक वस्तु तीच बोटभर पिचकारी.

ती किती काम करते ह्याचा हिशेब उद्बोधक आहे. इंजिन मिनिटास २५०० फेरे घेत असेल तर प्रत्येक नोझल मिनिटास १२५० वेळां उघडतें व मिटतें. नाशिकहून मुंबईस चार तासांत जाईपर्यंत एकेक सुई तीन लाख वेळां उठते व बसते. दर वेळीं ती सोडते तें इंधन एका थेंबाहूनहि कमी असतें, आणि तें सोडण्यास तिला सेकंदाचा जेमतेम पांचशेवा भाग मिळतो. तिच्यामागें एक कणखर स्प्रिंग असते. पंपाचा दाब ठराविक अंकावर पोंचला कीं स्प्रिंग नमते, सुई उचलली जाते, फवारा सुटतो. दाब उतरतांच ती खटकन् बसते. पेझोच्या इंजिनाप्रमाणें ज्यांत शेजारच्या कोठडींत फवारा मारतात, तेथें हा दाब साधारणतः सव्वाशे वातावरणांच्या आसपास असतो. चाकांतल्या हवेच्या साठपट म्हटलें तरी चालेल. पुढें कंपनीनें जीपना जें २५२३ घन सेंटिमीटरचें इंजिन दिलें, त्यांत फवारा थेट दंडगोलांत पडतो. तेथें नोझलला एका छिद्राऐवजीं अनेक अतिसूक्ष्म छिद्रें असतात, आणि दाब सुमारें दोनशे वातावरणांचा किंवा त्याहून अधिक लागतो. नेमका अंक गाडीच्या पुस्तिकेंतूनच घ्यावा. अंदाजानें घेऊं नये.

नोझल बिघडल्याचीं लक्षणें गाडी स्वतःच सांगते. सकाळीं सुरू होतांना ती फार वेळ घेते आणि पांढरा धूर सोडते. चढावर काळा धूर ओकते. उभी असतांना थरथरते. एका दंडगोलांतून ठोक्यांचा आवाज येतो. आणि महिनाअखेर डिझेलचें बिल वाढतें. परंतु धूर दिसला कीं नोझललाच दोष द्यावा, असें मात्र नाहीं. हवेची गाळणी धुळीनें तुंबली असेल, पंपाची वेळ मागें-पुढें झाली असेल किंवा पिस्टनच्या कड्या झिजल्या असतील तरी धूर येतोच. म्हणून जुना कारागीर आधीं हवेची गाळणी पाहतो. मग जुन्या धाटणीच्या इंजिनावर, इंजिन मंद चालूं ठेवून, डोळ्यांवर चष्मा लावून व चेहरा दूर ठेवून, एकेका नोझलच्या नळीचें नट किंचित् सैल करतो. ज्या दंडगोलाची नळी सैल केल्यानें इंजिनाच्या चालींत फरक पडत नाहीं, तो दंडगोल आधींपासूनच काम करीत नव्हता हें त्यावरून ठरतें. नव्या गाड्यांवर ही युक्ति कधींहि करूं नये. त्याचें कारण पुढें येईल.

दोषी नोझल काढल्यावर तें हातदांड्याच्या परीक्षायंत्रावर चढवितात. येथें चार गोष्टी पाहावयाच्या असतात. ठराविक दाबाला तें उघडतें कीं नाहीं. फवारा सरळ व एकसारखा पडतो कीं एका बाजूस धार लागते. दांडा दाबतांना सुई किर्रर्र असा स्वच्छ आवाज देते कीं मुकी राहते. आणि उघडण्याच्या दाबापेक्षां वीसएक वातावरणें कमी दाबावर दहा सेकंद धरलें असतां तोंडाशीं थेंब जमतो कीं तें कोरडें राहतें. दाब कमी भरल्यास स्प्रिंगेखालीं पातळ चकती घालून तो वाढवितां येतो. फवाऱ्यासमोर बोट मात्र कधींहि धरूं नये. तें धुकें कातडी भेदून मांसांत शिरतें. वरून टोंचल्याएवढी खूण दिसते, आणि आंत मात्र मांस कुजूं लागतें. असें घडल्यास दुखत नसलें तरी त्याच घटकेस रुग्णालयांत जाऊन शस्त्रवैद्याला दाखवावें.

साफसफाईंत मुख्य नियम असा कीं सुई व तिचें घर हा एकच जोड आहे. चार नोझलें एकदम खोलून चार सुया एका परातींत ठेवल्या आणि पुन्हां हातीं लागेल ती बसविली, कीं चारहि जोड बिघडले. एक खोलावें, स्वच्छ डिझेलमध्यें धुवावें, काजळी पितळी ब्रशानें किंवा लांकडी काडीनें काढावी, पूर्ववत् बसवावें, मग दुसरें घ्यावें. पोलादी तार, टांचणी अथवा पॉलिश-कागद ह्यांचा स्पर्शहि होऊं देऊं नये. छिद्राची कड किंचित् मोडली तरी फवारा वांकडा होतो. सुई स्वच्छ करून तिरप्या धरलेल्या घरांत सोडली असतां ती आपल्याच वजनानें अलगद खालीं उतरली पाहिजे. अडकली तर जोड गेला असें समजून नवा आणावा. परत बसवितांना तांब्याची चकती नवी घ्यावी, जुनी चकती खांचेंत चिकटून राहिली नाहीं ना हें पाहावें, आणि नट मापाच्या पान्यानें आंवळावें. शेवटीं हातपंपानें नळ्यांतील हवा काढून टाकावी. हवा दबते, डिझेल दबत नाहीं, म्हणून नळींत हवेचा बुडबुडा राहिला तर सुई उचललीच जात नाहीं.

तथापि हा सारा खटाटोप म्हणजे रोग झाल्यावरचें औषध होय. खरें पथ्य टांकीपासून सुरू होतें. नोझलचे दोन मोठे शत्रु म्हणजे पाणी आणि धूळ. पावसाळ्यांत अर्धी रिकामी टांकी रात्रभर राहिली तर आंतील दमट हवेचें पाणी होतें, तें तळाशीं बसतें व सुईला गंज चढवितें. म्हणून गाळणीच्या तळाची चकती दर आठवड्यास सैल करून पाणी सोडावें, आणि मुक्कामीं टांकी भरलेली ठेवावी. जुन्या पत्र्याच्या टांकींत आंतून गंज धरतो. तो कांहीं वर्षांनीं उतरवून धुतला पाहिजे. डिझेल-गाळणी पुस्तिकेंत सांगितलेल्या अंतरावर बदलावी, आणि नकली गाळणी कधींहि घेऊं नये. कारण ह्या गाळणीचा कागद मिलिमीटरच्या पांच-दहा सहस्रांशांएवढे कण अडवितो, तर नकली गाळणी नुसता कचरा अडविते. थोड्या रुपयांची गाळणी वांचविणारा माणूस चार नोझलांचा खर्च ओढवून घेतो.

इंधन कोणतें, हाहि प्रश्न आहे. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविलें होतें, आणि तें ऐकून कांहीं लोक घाण्याचें तेल टांकींत ओतण्याचा विचार करतात. कच्चें गोडें तेल डिझेलहून कितीतरी दाट असतें. त्याचा फवारा नीट फुटत नाहीं व सुईच्या टोकावर राळ जमते. उलट बाजूस रॉकेल फार पातळ असतें. तें फवारतें व जळतें, पण त्याला डिझेलइतकी स्निग्धता नसते. सुई व दट्ट्या ह्यांचें वंगण जातें आणि ते झिजतात. पहिल्या दिवशीं कांहीं कळत नाहीं. कांहीं महिन्यांनीं पंप दाब धरीनासा होतो, आणि तोंवर रॉकेल मिसळणारा दूर गेलेला असतो.

ही भेसळ होण्याचें कारण अर्थशास्त्राचें होतें. रेशनवरचें रॉकेल गरिबाच्या दिव्याला व चुलीला स्वस्त मिळावें म्हणून सरकार त्याला मोठें अर्थसाह्य देई. डिझेल त्याहून कितीतरी महाग असे. दोहोंच्या किमतींतील ही दरी ज्यांना दिसली त्यांनीं तींतून पैसा काढला. रेशनचें रॉकेल ओळखूं यावें म्हणून त्याला निळा रंग देत. तो काढून टाकण्याच्या युक्त्याहि निघाल्या. नाशिक जिल्ह्यांत मनमाडजवळ पानेवाडी येथें तेल कंपन्यांचे मोठे साठे आहेत, आणि तेथून टँकर चोहोंकडे जातात. २५ जानेवारी २०११ ह्या दिवशीं मालेगांवचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे त्या रस्त्यानें जात असतां त्यांना टँकरांजवळ चाललेल्या प्रकाराचा संशय आला. ते चौकशीसाठीं थांबले. तेथें त्यांना भर दिवसां जिवंत जाळण्यांत आलें. दुसऱ्या दिवशीं प्रजासत्ताक दिन होता. राज्यभर शासकीय कर्मचाऱ्यांनीं काम बंद ठेवून ह्या हत्येचा निषेध केला, आणि तेलाच्या भेसळीचा प्रश्न घरोघर बोलला गेला.

ज्या जिल्ह्यांत डिझेलची सुई सहस्रांश मिलिमीटरपर्यंत घासून घडविली जाते, त्याच जिल्ह्यांत त्या सुईच्या इंधनांत पाप कालविणाऱ्यांनीं एका कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याचा प्राण घेतला. ह्या दोन गोष्टी शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे नोझलची निगा ही केवळ मेकॅनिकची बाब राहत नाहीं. कारागिराचें सारें कौशल्य आंतील तेलाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असतें. तेल खोटें असेल तर जगांतील उत्तम सुईहि सहा महिन्यांत निकामी होते. आणि तेल खरें राहावें म्हणून कोणीतरी भर रस्त्यांत थांबून प्रश्न विचारावा लागतो.

त्यानंतरच्या काळांत बरेंच बदललें. २०१४ च्या ऑक्टोबरांत डिझेलची किंमत सरकारी नियंत्रणांतून मुक्त झाली, आणि रॉकेलवरील अर्थसाह्यहि पुढें क्रमाक्रमानें कमी होत गेलें. डिझेलांतील गंधक दर दशलक्ष भागांस ३५० भागांवरून ५० वर आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर १० भागांवर आलें. शहरांच्या हवेला हें हितकारक झालें. गंधक काढतांना डिझेलची नैसर्गिक स्निग्धता कांहीं अंशीं निघून जाते, म्हणून शुद्धीकरण कारखान्यांत स्निग्धता राखणारें द्रव्य मिसळतात, आणि तिचें मापहि ठरवून दिलेलें आहे. तेव्हां अधिकृत पंपावरच्या डिझेलनें जुन्या जीपला भिण्याचें कारण नाहीं. बाटल्यांतून विकलीं जाणारीं चमत्कारिक द्रव्यें तींत ओतण्याचेंहि कारण नाहीं.

इंजेक्टरहि बदलले. १९९७ सालीं युरोपांत ‘कॉमन रेल’ पद्धतीची पहिली मोटार बाजारांत आली, आणि नाशिकच्याच कारखान्यांतून २००२ सालापासून बाहेर पडणाऱ्या स्कॉर्पिओला २००५ मध्यें हें इंजिन मिळालें. ह्या पद्धतींत सर्व इंजेक्टरांना एका सामायिक नळींतून इंधन मिळतें आणि सुई विजेच्या आज्ञेनें उठते. दाब सव्वाशे-दोनशेंऐवजीं तेराशे वातावरणांच्याहि वर; नव्या यंत्रांत तर दोन हजारांपलीकडे. अशा गाडीची नळी चालत्या इंजिनावर सैल करणें म्हणजे जिवाशीं खेळ होय, आणि तिचे इंजेक्टर घरीं खोलणेंहि तितकेंच अयोग्य. जुन्या जीपचें नोझल क्षमाशील होतें. पाणी शिरलें, धूळ गेली, तरी तें धूर सोडून महिनोन् महिने सूचना देई. नवें इंजेक्टर अशी सवड देत नाहीं. म्हणून ज्यांच्या दारीं जुनी गाडी आहे त्यांनीं तिला कनिष्ठ समजूं नये. जी शिस्त नव्या गाडीला प्रत्यहीं लागते, ती जुनी गाडी सौम्यपणें शिकविते.

ती शिस्त थोडक्यांत अशी : इंधन खात्रीच्या ठिकाणीं घ्यावें व पावती मागावी, तें खोटें वाटल्यास गप्प न बसतां पुरवठा-खात्याकडे तक्रार करावी, गाळणीचें पाणी सोडण्यास विसरूं नये, आणि नोझल काढावयाचें तर परीक्षायंत्र असलेल्या जाणत्या कारागिराकडूनच काढवावें. रुडॉल्फ डिझेल ह्यांना एका लहानशा पिचकारीसाठीं खोलीभर यंत्र जोडावें लागलें. आज तीच पिचकारी तळहातावर मावते. तिच्या सुईभोंवतीं जी केसाच्या विसाव्या भागाएवढी फट आहे, तींत स्वच्छ तेलाचा थर राहील कीं गंज व रॉकेल शिरेल, हें सातपूरच्या कारखान्यावर फारसें अवलंबून नाहीं. तें गाडीवाल्याच्या सवयीवर, पंपवाल्याच्या सचोटीवर आणि चौकशीसाठीं थांबणाऱ्या अधिकाऱ्याच्या पाठीशीं समाज उभा राहतो कीं नाहीं ह्यावर अवलंबून आहे.